घड्याळवाल्या काकांची नात

६ मार्च, सोमवार

खारूताई, माझे बाई,

तर आधी आली ती छत्रीवाली. आभाळात नखाएवढा ढग नाही आणि हिच्या काखेत छत्री. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्यामागून टोपीवाला, पायरीपायरीला मलाच बजावत, "जपून हं आजी, जपून," जणू जिना त्याच्या बापाचा आणि मी त्याच्याकडे आलेय. खाली गाडीत तिसरं कोणीतरी बसलेलं, काच वर केलेली. मी खिडकीतून पार कमरेपर्यंत वाकून पाहिलं, पण नुसती सावली. वर काही आलं नाही ते. ज्याचं मन साफ आहे तो भर दुपारी काच लावून गाडीत कशाला बसेल, तूच सांग.

तुला फोनच करणार होते, पण मी फोनवर बोलते म्हणजे ओरडते, असं तुझा बाप म्हणतो. खाली शिवणाच्या दुकानात मशीनवर बसलेल्या पाहुणीला शब्दन् शब्द ऐकू जातो. म्हणून हे कपडे बेतायच्या खाकी कागदावर लिहितेय. मागच्या बाजूला कुणाच्या तरी पॅंटचा गुडघा आखलेला आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. शुद्धलेखनाकडेही देऊ नकोस. मी शाळेत गेले तेव्हा बहुतेक वेळा शाळेलाच कुलूप असायचं, आणि नसलं की मीच जायची नाही.

हं, तर. ओळख ना पाळख, आणि दारातूनच "आजी, आम्ही घरचेच!" मी म्हटलं, घरचे असाल तर चपला कुठे काढायच्या ते माहीत असेलच. बघ, बाहेर काढल्या की आत, यावरच दोघांची पंचाईत. मग बाईनं पिशवीतून एक लांबलचक गुंडाळी काढली आणि माझा टाचण्यांचा डबा, कात्री, निम्मी शिवलेली बाही, सगळं बाजूला सारून टेबलावर पसरली. बघते तर काय, आपलं अख्खं खानदान! चौकोनाखाली चौकोन, रेघेला रेघ. वर कुठे तरी तुझे खापरपणजोबा, मध्ये मी, आणि सगळ्यात खाली शेपटासारखी तू.

"आम्ही घड्याळवाल्या काकांकडचे," बाई म्हणाली. "मी त्यांची नात."

"अगं बाई, हो का!" म्हटलं, आणि चहा टाकायला आत पळाले. तोंडात पदर कोंबून हसले गं मी. का हसले ते आता सांगत नाही. आधी तू माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे, मग सांगेन. चहा मी कानतुटक्या कपांतून दिला. चांगले कप कोणाला द्यायचे ते माणूस ओळखल्यावर ठरतं.

मग सुरू झाले सवाल. घरात कोण कोण असतं? खाली मशीनवर कोण बसतं? "आणि तुमची धाकटी बहीण दिसत नाही ती?" हे विचारताना बाईचा आवाज असा मऊ झाला, असा मऊ, की ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मला समोर दिसलं. मला कुठली आलीय धाकटी बहीण! असती तर लहानपणी माझ्या वाटची भांडी तिनं नसती का घासली.

तुला माहीत आहे, बाहेरच्यांना आपण पाहुणीला माझी बहीण म्हणतो. ती आली तेव्हा तू पाळण्यात होतीस. एका पायात चप्पल, एक डोळा सुजून बंद. "दोन दिवस राहू द्या," म्हणाली, म्हणून ती पाहुणी. ते दोन दिवस अजून संपायचेत. तिच्या नवऱ्यानं तेव्हा घरोघर सांगितलं होतं, कुठेही असू दे, केसाला धरून परत आणीन. आजोबा म्हणाले होते, या जिन्यावरून कोणी कोणाला केसाला धरून खाली नेणार नाही. आता आजोबा नाहीत, जिना आहे आणि मी आहे.

ती दोघं वर बसली होती तेवढा वेळ पाहुणी कपड्यांच्या कोठीत आतून कडी लावून उभी होती. मी म्हटलं, बहीण गावाला गेलीय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला नाही आवडलं ते पाहणं. जाताना म्हणतात, "पुन्हा येऊ." येऊ द्या की नको, हे काही विचारलं नाही.

आणि हो, बाईच्या कोटाचं मधलं बटण लोंबत होतं, दोऱ्याची गाठ चक्क वरच्या बाजूला! शिंप्याच्या घरी येताना तरी माणसानं जरा लाज बाळगावी. माझे हात शिवशिवले, पण म्हटलं आधी माणसं कळू देत, मग बटण.

तर माझा प्रश्न. ते चौकोन तू कुठे टांगलेस?

तुझी,
आजी

११ मार्च

प्रिय आजी,

पत्र वाचून आधी हसले, मग जरा रागावले. "टांगलेस" काय? मी आपली वंशावळ एका वेबसाइटवर ठेवली आहे, आणि तीही उघडी नाही. ज्यांचं आपल्याशी नातं जुळतं त्यांनाच दिसते. कोणी म्हणालं, "मी अमक्याची नात," तर मी बघते, पटलं तर आत घेते. दाराला कडी आहे, आणि कडी माझ्या हातात आहे.

आणि तुझी छत्रीवाली मला माहीत आहे! गेल्या महिन्यापासून आम्ही एकमेकींना लिहितोय. घड्याळवाल्या काकांची एकुलती नात आहे ती. आजी, तुला कळतंय का? काकांच्या चौकोनाखाली मी किती दिवस नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. ना नाव, ना गाव, ना बायको. आणि एक दिवस कोणीतरी येऊन म्हणतं, ते माझे आजोबा. मी ऑफिसमध्ये खुर्चीवरून उठून उभी राहिले. शेजारचीला वाटलं पगार वाढला.

ती फार चौकशी करते हे खरं. पण अशा कामात सगळेच करतात, मीही करतेच. पाहुणीमावशीला मी तुझी धाकटी बहीण म्हणूनच घातलं आहे, नाव न देता. म्हणजे तिला काही धोका नाही. आणि आजी, इतकी वर्षं झाली. तो माणूस अजून शोधत असेल असं तुला खरंच वाटतं?

आता माझं काम ऐक. मला हे सगळं सगळ्यांसाठी खुलं करायचं आहे, महिनाअखेरपर्यंत. खुलं केलं की कुठले कुठले लोक सापडतील. पणजोबांच्या भावाची पणती मला अशीच सापडली, आणि आजी, तिच्या हनुवटीला आपल्यासारखीच खळी आहे! मी एकुलती एक, बाबा एकुलते एक. आपल्या घरात फोटो काढायचा तर एकाच ओळीत सगळे मावतात. मला दुसरी ओळ हवी आहे.

तू "हो" म्हण, म्हणजे मी खुलं करते. आणि का हसलीस ते सांग.

तुझी खार

१६ मार्च, गुरुवार

खारे, खारे,

हसले, कारण घड्याळवाले काका कधी नव्हतेच!

बसलीस का खाली? बस. ऐक.

तुझे आजोबा प्रत्येक कपड्यात कॉलरच्या आत एक टाका भलत्याच रंगाचा घालायचे. काळ्या कोटात लाल, पांढऱ्या सदऱ्यात निळा. गिऱ्हाइकाला जन्मात दिसायचा नाही. मी नवी नवरी, मला वाटलं ह्यांना रंग दिसत नाहीत की काय. घाबरून सासूबाईंना विचारलं, तर त्या तीन दिवस हसत होत्या. मग एकदा चौकातल्या दुसऱ्या शिंप्यानं आमचा कोट आपल्या काचेत टांगला, स्वतःचं काम म्हणून. आजोबा त्याच्या दुकानात गेले, चार माणसांसमोर नुसती कॉलर उलटली. लाल टाका! तो शिंपी पुढे तुझ्या बापाच्या बारशाला आला, तरी त्यानं आजोबांकडे मान वर करून पाहिलं नाही.

तर तू फोनवर फोन करत होतीस, आजोबांचे चुलते किती, त्यांची मुलं किती, मागे मशीनची घरघर, आणि मी मनात म्हटलं, ही पोर हे सगळं कुठे कुठे मिरवणार, आपलाही एक टाका असू द्यावा. म्हणून सांगितलं, आणि एक होते घड्याळवाले काका. कसले काका नि कसलं घड्याळ! त्या वेळी समोर भिंतीवर घड्याळ होतं. कॅलेंडर दिसलं असतं तर कॅलेंडरवाले झाले असते.

आता ज्या माणसाला आईबाप नाहीत, बायको नाही, खुद्द जन्मच नाही, त्याला चांगली कोटबीट घातलेली नात कुठून आली? म्हणजे ती बाई खोटं बोलून तुझ्या कडीतून आत शिरली. कडी तुझ्या हातात होती ना? मग कडीचं काय लोणचं घालायचं!

खोटं बोलणारा माणूस कशासाठी तरी खोटं बोलतो. आपल्याकडे ना घबाड, ना जमीन. न्यायचं असं एकच माणूस आहे या घरात. आणि गाडीत काच लावून कोण बसलं होतं? माझ्या डोळ्यांसमोरून ती सावली जात नाही. तूच विचार कर, ज्याला बघितल्याबरोबर पाहुणी ओरडली असती, तोच खाली बसून राहील ना?

पाहुणी हल्ली दुकानाचं शटर अर्धंच वर करते. गिऱ्हाइकांना वाकून आत यावं लागतं. परवा बॅंकेतला जाड्या वाकला तो पुन्हा सरळ होईना, दोघांनी धरून उभा केला. एरवी ती पोट धरून हसली असती. आणि बटणं लावताना नजर रस्त्यावर असते तिची. तिची ती जुनी खोड आहेच, गाठ वरच्या बाजूला ठेवायची. आजोबांनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी म्हणाले, राहू दे, घरून येताना तिनं तेवढं एकच बरोबर आणलंय. हल्ली तर एका बटणाला दोन दोन गाठी मारते.

तू खुलं करू नकोस. आणि पाहुणीचा चौकोन आहे तो आजच्या आज पुसून टाक. मी तुझ्या बापाला कळवलेलं नाही. तो एक तर पोलिसांत जाईल, नाही तर झोपून राहील, मधलं त्याला काही जमत नाही.

पुन्हा येऊ म्हणालेत ना? येऊ देत. मी बसलेय.

आजी

२१ मार्च

आजी,

तुझ्यावर चिडू की तुझ्या पाया पडू? घड्याळवाल्या काकांसाठी मी तीन शहरांतल्या दुकानांच्या जुन्या नोंदी चाळल्या. एका सुट्टीच्या दिवशी उपाशीपोटी एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे बसले होते. तो बिचारा "आठवतात, आठवतात, उंच होते" म्हणाला! परक्यांना फसव ना. मला कशाला?

पण आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट सांगितली नव्हती. बाकीचं सगळं कडीच्या आत होतं, पण एक फोटो मी बाहेर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. पान सुंदर दिसावं म्हणून. दुकानाला नवी पाटी लावली त्या दिवशीचा. तू मध्ये कात्री घेऊन, बाबा डोळे मिटलेले, आणि मागे पाहुणीमावशी, नेहमीसारखी तोंडावर हात ठेवून. पाटीवर रस्त्याचं नावसुद्धा वाचता येतं. मी तिचं नाव लिहिलं नाही म्हणून स्वतःवर खूश होते. चेहरा आणि पत्ता दोन्ही टांगून ठेवले होते मी. तुझाच शब्द बरोबर होता.

तुझं पत्र मिळालं त्याच क्षणी फोटो काढून टाकला. मावशीचा चौकोनही. मग छत्रीवालीला लिहिलं, "तुमच्या आजोबांचं पूर्ण नाव काय?" उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिचं खातंच गायब.

तू म्हणशील तर सगळंच पुसते. दोन वर्षांचं काम आहे, पण पुसते. खळीवाली पणतीही जाईल त्यात. जाऊ दे.

फक्त एक विचारू? आपण दोघी मावशीबद्दल पत्रांवर पत्रं लिहितोय, तिच्यापासून लपवून. तू तिला बहीण केलंस, मी तिला चौकोनात घातलं, आता तूच सांगितलंस म्हणून मी तिला चौकोनातून काढलं. तिला यातलं कुणी काही विचारलं का?

लवकर लिही. नाही तर फोन कर आणि वाट्टेल तेवढं ओरड.

खार

२७ मार्च, सोमवार

माझ्या खारूताई,

पुसू नकोस! काही पुसू नकोस, थांब! आली होती ती! श्वास घेते आणि सगळं पहिल्यापासून सांगते, कारण मधलंच सांगितलं तर तुला वाटेल म्हातारी चळली.

तुझं पत्र मिळालं, आणि तुझा शेवटचा प्रश्न मला टाचणीसारखा लागला. खाली गेले. पाहुणीला म्हटलं, असं असं आहे, फोटो असा गेला, माणसं अशी आली. पळायचं का? दुकानाला कुलूप घालून तुला खारीकडे पोचवते. ती किती तरी वेळ मशीनचं चाक हातानं नुसतं फिरवत बसली. मग म्हणाली, "ताई, एकदा पळाले तेव्हा पाय तरुण होते. आता नाही पळायचं. येऊ देत त्यांना. मी वर पडद्यामागे बसते. तुम्ही बोलतं करा."

बोलतं करायला मला का सांगायला हवं!

शनिवारी आली. तीच छत्री, तीच टोपी. मी आधी खिडकी गाठली. गाडी होती, पण आत कोणी नाही, काच खाली. मला वाटलं, म्हणजे तो जिन्यात दबा धरून असणार. कात्री हाताशी घेऊन बसले. चहा पुन्हा कानतुटक्या कपांतून.

म्हटलं, "अगं, काकांचं दुकान कुठे होतं नक्की? माझं म्हातारीचं डोकं."

"बाजारात," बाई म्हणाली. "म्हणजे, बाजाराच्या जरासं..."

"पुढे की मागे?"

"पुढे," ती म्हणाली. "मागे," टोपीवाला म्हणाला. दोघं एकदमच.

"आणि त्यांचा तो काचेचा डोळा, तो कुठला गं?"

"डावा," टोपीवाला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "उजवा," टोपीवाला.

"दोन्हीच म्हणा ना! बिचारे घड्याळं नाकानं दुरुस्त करायचे."

खारे, काय सांगू, इतकी मजा मला तुझ्या बापाच्या लग्नातही आली नव्हती. टोपीवाल्याला घाम फुटला, पण टोपी काढेना. बाई खाली मान घालून कोटाचं मधलं बटण पिळत बसली, तेच ते लोंबणारं. पिळून पिळून तुटलं आणि टणटण उड्या मारत कोपऱ्यातल्या माझ्या मशीनखाली गेलं.

आता आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे. चोर असो नाही तर मीटर बघायला आलेला असो, तुटकं बटण घेऊन या घरातून कोणी परत जात नाही. आजोबांनी घातलेला नियम. मी काठीनं बटण ओढून काढलं, म्हटलं, "काढा कोट." ती नको नको म्हणतेय, मी कोट ओढून घेतला. पण मला हल्ली सुईत दोरा कुठे ओवता येतो! म्हणून पडद्यामागे हात घालून कोट आणि बटण पाहुणीच्या मांडीवर टाकलं, आणि परत येऊन खुर्चीत बसले, पुढचा सवाल जुळवत.

पडद्यामागून काही आवाज नाही. एका बटणाला एवढा वेळ? मला वाटलं, घाबरून बेशुद्ध पडली की काय.

तेवढ्यात पडदा सरकला आणि पाहुणी स्वतः बाहेर आली. इतकी वर्षं दुकानातली गिऱ्हाइकं सोडली तर अनोळखी माणसासमोर कधी आली नाही ती. हातावर कोट. बटण लावलेलं, गाठ वर. कोणाच्या तोंडाकडे पाहिना, कोटाकडेच बघत म्हणाली, "यातली बाकीची बटणं कोणी लावली?"

छत्रीवाली उभी राहिली. "आईनं."

"गाठ वर का ठेवते ती?"

बाई असं बोलली, जसं लहानपणी पाठ केलेलं कोणी म्हणून दाखवावं. "वर असली की सैल व्हायला लागताच दिसते. आत असली की सुटल्यावरच कळतं."

पाहुणीनं मान वर केली. पार खालून वरपर्यंत तिला पाहिलं, आणि म्हणाली, "बुटके, किती उंच झालीस गं."

मी कात्री खाली ठेवली.

बहीण आहे गं तिची! सख्खी, धाकटी! पाहुणीचं लग्न झालं तेव्हा ही दाराच्या कडीला हात न पुरणारी पोर होती. ओळखणार कशी, कोणी कोणाला? दोघींनी मग जे काही रडून घेतलं ते मी लिहीत नाही, कागद आधीच पातळ आहे. टोपीवाला तिचा नवरा. तोही रडला, आणि डोळे पुसायला शेवटी टोपीच काढली. टक्कल आहे, दुसरं काही नाही. तरी मी त्याच्यावर अजून पुरता विश्वास टाकलेला नाही. जो माणूस काचेचा डोळा डावीकडून उजवीकडे नेतो, त्याच्यावर हळूहळूच टाकावा.

आता कसं झालं ते ऐक. बुटकी कित्येक वर्षं रिकाम्या वेळात शिवणकामाच्या दुकानांचे फोटो बघत बसायची. ताईला शिवण तेवढं येतं, म्हणजे कुठे तरी मशीनवरच बसली असेल, असा तिचा हिशेब. तू टांगलेला फोटो दिसला. तिला खात्री नव्हती. आईला दाखवला, तर आईनं तोंडावर हात ठेवलेल्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि उचलेचना.

मी म्हटलं, "मग सरळ यायचं की! घड्याळवाल्याची नात कशाला व्हायचं?"

तर म्हणते, "आजी, तुम्ही कोण, कसे, मला काय माहीत? तिला कोंडून राबवत असाल तर? बहीण म्हणून आले असते तर तुम्ही तिला आणखी आत दडवलं असतं. आत शिरायला नातं हवं होतं. बाकी सगळ्यांच्या खाली मुलंबाळं होती, त्या काकांच्याच खाली कोणी नव्हतं. म्हटलं, मी होते." आणि छत्री कशाला, तर आम्ही वाईट माणसं निघालो तर मारायला! बघ म्हणजे. मी तिला पारखायला बसले होते आणि ती मला. तू नाव विचारलंस तेव्हा तिला वाटलं, आपण पकडले गेलो, आता या लोकांनी ताईला दुसरीकडे हलवलं तर? म्हणून खातं बंद करून धावत आली.

आणि ती गाडीतली सावली? आई होती गं ती, पाहुणीची. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. काच वर, कारण ती रडत होती आणि रस्त्यावरच्या लोकांनी पाहू नये. मी कमरेपर्यंत वाकून तिच्याकडे डोळे वटारत होते. मी "बहीण गावाला गेलीय" म्हटलं ते बुटकीनं खाली जाऊन सांगितलं, आणि ती म्हातारी परत जाताना वाटभर मागेच वळून बघत होती. म्हणून या वेळी तिला आणलंच नव्हतं. कोटावरची गाठ मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, तुला लिहिलीही होती. काखेत कळसा आणि म्हातारी निघाली गावाला वळसा घालायला.

पण हुरळून जाऊ नकोस. मी विचारलंच, "तो माणूस?" बुटकीनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, आहे. गेल्या वर्षीही आईच्या दारात उभा राहून विचारून गेला. म्हणजे बघ, जो फोटो आईला दिसला तो त्यालाही दिसला असता. दार तेच. कोण आत यायचं ते दाराला थोडंच कळतं.

म्हणून तुझ्या त्या चौकोनांचं असं कर. मेलेल्यांना खुशाल टांग, त्यांना कोणी केसाला धरून नेत नाही. जिवंत माणूस मात्र ज्याला त्याला विचारून. खळीवालीला राहू दे, तिला माझे आशीर्वाद कळव, आणि तुझी दुसरी ओळ होईल गं, एकेक करून होईल. पाहुणीला मी तुझा प्रश्न वाचून दाखवला, तो शेवटचा. ती म्हणाली, "खारीला सांगा, मला कुठे घालायचं ते मी तिला सांगेन. आधी आईला भेटू दे." एवढंच. पण आज सकाळी शटर तिनं पूर्ण वर केलं, असं की आवाजानं समोरचा कुत्रा उठून गेला.

घड्याळवाल्या काकांना पुसू नकोस. त्यांना आता नात आहे, नातजावई आहे, आणि त्या जावयालाच माहीत नाही त्यांचा कुठला डोळा काचेचा.

मी खालच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारी हातांची खुर्ची मांडून ठेवली आहे, म्हातारीला पायरी चढायला नको. पाहुणीनं वरच्या फळीवरचे चांगले कप उतरवून धुतले. मी काही सांगितलं नव्हतं. धुऊन पुसून ठेवले, मग पुन्हा धुतले.

गुरुवारी येतो म्हणालेत, आईला घेऊन.

आजी